पाचवीपासून पुढे सगळं करडं

फोटोताईंच्या घरात एक नियम होता. मेमरी कार्डाला हात लावायचा असेल तर आधी विचारायचं. हा नियम फोटोताई सोडून कोणीच पाळत नसे.

त्यांचा स्टुडिओ म्हणजे खोलीचा अर्धा भाग. मधे प्लायवूडची भिंत. भिंतीच्या अलीकडे यजमानांचं झेरॉक्सचं मशीन, पलीकडे ताईंचं स्टूल, पांढरा पडदा, दोन दिवे आणि एक जुना संगणक. संगणकाच्या शेजारी प्लास्टिकचा एक चपटा डबा असायचा. त्यात कार्डं नीट खाचांत बसवलेली, प्रत्येकावर बारीक आकडा लिहिलेला, कोपऱ्यात ओल शोषणारी पुडी. रिकामं कार्ड सुलटं ठेवायचं, भरलेलं पालथं. कार्ड संगणकातून ओढून काढायचं नाही, आधी पडद्यावर 'बाहेर काढा' म्हणायचं आणि मगच बोट लावायचं. पुसायचं ते कॅमेऱ्यातच, संगणकावर नाही. काठोकाठ भरू द्यायचं नाही. नवीन कार्ड आणलं की कामाला लावण्याआधी एकदा पूर्ण भरून, परत वाचून बघायचं. हे सगळं ताई वर्षानुवर्षं सांगत होत्या, आणि घरातली माणसं "हो हो" म्हणत होती. यजमान कार्ड मशीनच्या ट्रेवर ठेवून चहा प्यायला जात. धाकटे दीर गाडीत गाणी ऐकायला म्हणून एखादं घेऊन जात आणि ते परत यायचं तेव्हा त्याला चिकटपणा असायचा, कसला ते विचारायचीसुद्धा ताईंची छाती होत नसे.

"तू कार्डाला लहान बाळासारखं जपतेस," यजमान म्हणायचे.

"बाळ निदान रडून सांगतं तरी," ताई म्हणायच्या. "हे सांगत नाही."

फोटोताई हे नाव शाळेतल्या मुलांनी ठेवलेलं. जवळच्या शाळेचं वर्षाचं काम त्यांच्याकडे होतं. प्रत्येक वर्गाचा गटाचा फोटो, ओळखपत्रासाठी प्रत्येक मुलाचा एकेकटा, आणि शेवटी सगळ्या शिक्षकांचा आणि कर्मचाऱ्यांचा. लग्नकार्यांची कामं आताशा मोठ्या टोळ्या घेऊन येणाऱ्या पोरांकडे गेली होती, त्यामुळे ताईंची सगळी भिस्त या शाळेवर. तिथे त्यांना मान होता. मुख्याध्यापिका कडक बाई, पण ताई आल्या की खुर्ची द्यायच्या. आणि तिथे शिपाईमामा होते.

मामा म्हणजे फोटोच्या दिवशी ताईंचा उजवा हात. आदल्या संध्याकाळी बाकं मैदानात आणून तीन पायऱ्यांत मांडायचे. कोण उंच, कोण बुटका, हे त्यांना ताईंपेक्षा आधी दिसायचं. "तू मागे. तू नाही, तू. आणि तू दात दाखव, पडलेला असला तरी दाखव." स्टाफच्या फोटोत मात्र ते कधीच नसत. त्या वेळी ते गॅलरीतल्या मुलांना हाकलण्यात नाहीतर वाऱ्याने उडणारा पडदा धरण्यात गुंतलेले असायचे. या वर्षी ते निवृत्त होणार होते. म्हणून मुख्याध्यापिकांनी स्वतः हाताला धरून त्यांना पुढच्या रांगेत, आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. मामा कोट घालून आले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान ताठ. ताईंनी कॅमेऱ्यातून बघितलं आणि मनात म्हटलं, बरं झालं, एकदाचा हा माणूस समोर आला.

पण त्या दिवसाची सुरुवातच वाकडी झाली होती. ताईंच्या नेहमीच्या कार्डाच्या कडेला एक बारीक सरकतं कुलूप असतं, ते कधीतरी गळून पडलं होतं. कुलूप नसलं की कॅमेरा कार्ड बंद आहे असं समजतो आणि फोटो घेतच नाही. ताईंनी त्या खाचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून काम भागवलं होतं. त्या दिवशी पहिलीचा वर्ग बाकांवर चढून बसला, ताईंनी बटण दाबलं आणि कॅमेऱ्याने नन्नाचा पाढा लावला. पट्टी सुटून आतल्या बाजूला सरकली होती. ती चिमट्याने काढेपर्यंत पहिलीची मुलं बाकांवरून उतरून मातीत खेळायला लागली.

"ताई, दुसरं नाही का?" मामांनी विचारलं.

दुसरं होतं. आठवड्यापूर्वी दिरांनी पाकीटभर नवीन कार्डं आणून दिली होती. एकाच्या किमतीत अख्खं पाकीट मिळालं म्हणून ते खूश होते. ताई ती तपासून बघणार होत्या, पण त्या आठवड्यात संगणक यजमानांनी कुणाचा तरी प्रबंध छापायला अडवून ठेवला होता. जुनी बाकी कार्डं दुसऱ्या एका कामाच्या फोटोंनी भरलेली, पालथी ठेवलेली. ताईंनी नवीन कार्ड कॅमेऱ्यात घातलं, तिथेच स्वच्छ करून घेतलं. हजारो फोटोंची जागा आहे असं कॅमेऱ्याने सांगितलं. ताईंचं मन जरा कां-कूं करत होतं. समोर चाळीस मुलं माती उडवत होती. त्यांनी काम सुरू केलं.

दिवसभर त्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघत होत्या. डोळे मिटलेले नाहीत ना, कोणी शेजारच्याच्या डोक्यावर शिंगं केली नाहीत ना. सगळे फोटो छान दिसत होते. स्टाफचा शेवटचा फोटोही त्यांनी पाहिला. मामा त्यात चक्क हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेरॉक्सला गर्दी नव्हती. ताईंनी कार्ड संगणकाला लावलं. पहिली ते चौथी झकास उतरली. पाचवीच्या पहिल्या गटाचा फोटो उघडला तर वर मागच्या रांगेची डोकी आणि कपाळाखाली सगळं करडं. जणू कुणी मुलांना कपाळापर्यंत सिमेंटमध्ये पुरलं होतं. त्यापुढचा उघडलाच नाही. त्याच्या पुढचाही नाही. फाइलींची नावं ओळीने होती, आकडे बरोबर होते, आत मात्र काही नव्हतं. ताई खाली खाली जात राहिल्या. सहावी, सातवी, शेवटचा वर्ग, स्टाफ. सगळ्यांवर तेच करडं चौकोनी चित्र.

"काय झालं?" पलीकडून यजमानांनी विचारलं. ताईंचा आवाज बंद झाला की त्यांना काळजी वाटायची.

"काही नाही. कार्ड वाचत नाहीये."

"काढून परत लावून बघ ना."

त्यांनी काढून परत लावलं. दुसऱ्या रीडरमध्ये लावलं. दुसऱ्या वायरने लावलं. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या मऊ कोरड्या कापडाने पुसल्या. कार्ड कॅमेऱ्यात परत घालून वायर थेट कॅमेऱ्याला जोडली. कॅमेऱ्यानेही आता फोटोंच्या जागी एक प्रश्नचिन्ह दाखवलं. यजमान उठून आले, कार्ड हातात घेऊन त्यांनी त्यावर जोरात फुंकर मारली.

"फुंकर मारू नका," ताई म्हणाल्या. "थुंकी उडते त्याच्यावर."

"अगं, टीव्हीच्या रिमोटला मी मारतो तर तो चालतो."

"हा रिमोट नाहीये."

"मग अजून एकदा लावून बघ."

ताईंनी कार्ड त्यांच्या हातातून घेतलं. तोंड उघडलं असतं तर भलतंच काही निघालं असतं.

पुसले गेलेले फोटो शोधून काढणारा प्रोग्रॅम त्यांच्याकडे होता. तो लावून त्या बसल्या. पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती. मधेच यजमानांनी जेवायला हाक मारली, त्या उठल्या नाहीत. प्रोग्रॅमने शेवटी जे दिलं ते आधीपासून होतंच. पहिली ते चौथी आणि कपाळापर्यंतची पाचवी. पुढे शोधायला काही नव्हतंच, कारण पुढे काही लिहिलंच गेलं नव्हतं. हे ताईंच्या हळूहळू लक्षात आलं.

त्यांनी त्याच पाकिटातलं दुसरं, कोरं कार्ड घेतलं आणि जे आठवड्यापूर्वी करायचं होतं ते आता केलं. त्यासाठी एक लहान प्रोग्रॅम असतो. तो कार्डात काठोकाठ माहिती भरतो आणि मग तीच परत वाचून बघतो. कार्डावर एकशे अठ्ठावीस जीबी छापलं होतं. खरी जागा निघाली जेमतेम आठ. बाहेरून मोठा डबा, आतून तळ वर चढवलेला. आठ भरल्यावर कार्ड "घेतलं, घेतलं" म्हणत राहायचं आणि आलेलं सगळं सोडून द्यायचं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसलेले फोटो कॅमेऱ्याने स्वतःच्या स्मरणातून क्षणभर दाखवले होते. म्हणजे ताईंनी बघितलं ते खरं होतं, पण ते कुठेही ठेवलं गेलं नव्हतं.

संध्याकाळी दीर आले. ताईंनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि पडदा दाखवला.

"पण वहिनी, पाकीट सीलबंद होतं," दीर म्हणाले.

"ज्याने कार्ड बनवलं त्यालाच सीलही करता येतं, भावोजी."

"माझ्या गाडीत त्यातलंच आहे. सगळी गाणी व्यवस्थित वाजतात."

"अजून भरलं नाहीये म्हणून वाजतात."

दिरांनी खिशातून मोबाइल काढला. मग म्हणाले, "मी विकणाऱ्याला फोन करतो. बदलून देईल तो."

"कार्ड बदलून देईल. सातवीचा वर्ग बदलून देईल का?"

दिरांचा चेहरा पडला. त्यांनी कार्डं आणली होती ती वहिनीचं काम हलकं व्हावं म्हणूनच, हे ताईंना माहीत होतं, आणि त्यामुळे त्यांची जास्तच घुसमट झाली. धड भांडता येईना, धड माफ करता येईना. ओरडायचं तर ओरडण्यासारखा वाईट माणूस समोर कोणी नव्हता. त्यांनी पाकिटातली उरलेली कार्डं उचलली, एकेक करून कात्रीने मधोमध कापली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. कात्रीची धार गेली, ती वेगळीच.

शाळेत जाणं भाग होतं. मुख्याध्यापिकांनी खुर्ची दिली, पण ऐकत गेल्या तशा पुढे वाकत गेल्या.

"म्हणजे पहिली ते चौथी आहे, आणि बाकी शाळा नाही?"

"नाही."

"ताई, तुम्ही बघत होतात की. मी स्वतः तुम्हाला बघताना बघितलं."

हे कसं समजवायचं? ताईंनी डब्याचं, वर चढवलेल्या तळाचं सांगून पाहिलं. मुख्याध्यापिकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मला त्यातलं कळत नाही. मला इतकं कळतं की चाचणी परीक्षा उद्यापासून आहे. ती संपली की एक दिवस देते. शेवटच्या वर्गाला अभ्यासाची सुट्टी लागते आहे, त्यांना निरोप पाठवते, येतील तितके येतील."

"आणि मामा?"

"मामा या शुक्रवारी निवृत्त होताहेत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्यांना बोलवा तुम्ही. मी नाही म्हणणार नाही. पण मी बोलवलं तर त्यांना वाटेल बाकं मांडायला बोलवलंय."

बाहेर पडताना गणिताच्या बाई भेटल्या. त्यांनी त्या दिवशी रांगेत उभं राहण्याआधी मोबाइलवर स्टाफचा एक फोटो काढला होता, बाजूने. ताईंचा जीव भांड्यात पडला. बाईंनी फोटो शोधून पुढे धरला. बाकं होती, रांगा होत्या, मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या शेजारी, जिथे मामांची खुर्ची असायला हवी, तिथे कॅमेऱ्यावर ओणवलेली फोटोताईंची पाठ होती. रुंद, ऐसपैस, सगळं झाकणारी. खालून फक्त मामांचे बूट दिसत होते.

"पाठवू का तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"नको," ताई म्हणाल्या.

मामांचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत, जिना चढून. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी ताई तिथे गेल्या. मामा खिडकीपाशी बसून मोडक्या छत्रीची काडी बांधत होते. ताईंनी सगळं सांगितलं. कार्डाचं सांगितलं तेव्हा मामांनी मान डोलवली, जणू माणूस आजारी असल्याचं ऐकताहेत.

"मग काय, गेला फोटो," ते म्हणाले.

"परत काढायचाय. बुधवारी. तुम्ही या."

"मी आता शाळेत नाही ताई. स्टाफच्या फोटोत कसा बसू?"

"मुख्याध्यापिकांनीच सांगितलंय."

"त्या चांगल्या आहेत." मामांनी काडीला आणखी एक वेढा दिला. "पण नवीन माणूस आलाय. तो मागे उभा, मी खुर्चीत, बरं दिसत नाही."

"मग मी इथे घरी काढते. तुमचा एकट्याचा. मोठा करून देते."

"घरी मी रोजच बसतो. त्याचा कशाला फोटो?"

ताईंना राग आला, आणि तो मामांचा नव्हता हे कळत असूनही आवाज चढला. "मामा, इतकी वर्षं तुम्ही दुसऱ्यांना उभं केलंत. एकदा मी सांगते तिथे बसा. माझ्यासाठी बसा. नाहीतर हे माझ्या डोक्यातून जायचं नाही."

मामांनी छत्री बाजूला ठेवली. मग म्हणाले, "येतो."

बुधवारी ताईंनी यजमानांना झेरॉक्स बंद करायला लावून सोबत नेलं. ओळखीच्या दुकानातून नवीन घेतलेली आणि घरी पूर्ण भरून तपासलेली कार्डं होती. प्रत्येक वर्गानंतर कार्ड बदलायचं आणि यजमानांनी झाडाखाली बाकावर बसून ते लगेच लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं, असं ठरलं. इतकी वर्षं कार्ड ओढून काढणारा हा माणूस त्या दिवशी भलताच सोवळा झाला. 'बाहेर काढा' म्हटल्यावरही त्यांना भरवसा वाटेना. परत बघायचे. उतरलेला प्रत्येक फोटो उघडायचे, मोठा करायचे, मुलांची नाकं तपासायचे. कार्ड परत यायला इतका वेळ लागायला लागला की सातवी उन्हात तापली.

"अहो, द्या ना लवकर."

"थांब. एक मुलगा धूसर वाटतोय."

"तो हलला असेल."

"हलला की कार्डाने हलवला?"

ताईंना हसूही येईना. नवीन शिपायाने बाकं सरळ एका ओळीत मांडली होती, ती त्यांनी स्वतः ओढून पायऱ्या केल्या. काही मुलांनी मधल्या काळात केस कापून घेतले होते, एकाच्या हाताला प्लास्टर होतं, तो हात लपवायला शेजारच्याच्या मागे सरकत होता. शेवटच्या वर्गातली निम्मीसुद्धा आली नाहीत. जी आली त्यांनी विचारलं, "बाकीच्यांना नंतर चिकटवता येईल ना फोटोत?" ताईंनी नाही म्हटलं. मग थोडा विचार करून म्हणाल्या, "बघू." त्या "बघू"मुळे पुढचा सगळा आठवडा त्या संगणकासमोर बसून गेल्या वर्षीच्या फोटोंतून मुलांची डोकी कापत राहणार होत्या, हे त्यांना बोलतानाच कळलं होतं.

मामा स्टाफच्या वेळेला आले. कोट नव्हता. इस्त्रीचा साधा शर्ट.

"कोट?" ताईंनी हळूच विचारलं.

"जावयाचा होता. गेले ते कोट घेऊन."

मामांनी आल्याआल्या सवयीने मागच्या रांगेतल्या दोन शिक्षकांची जागा बदलली, गॅलरीतल्या मुलांना हातानेच हटकलं. मुख्याध्यापिकांनी खुर्चीवर हात ठेवून त्यांना बोलावलं. ते बसले. हात गुडघ्यांवर, मान ताठ, पण आज हसले नाहीत. ताईंनी पुष्कळ फोटो घेतले, "मामा, दात दाखवा" असंही म्हणून पाहिलं. सगळा स्टाफ हसला. मामा तेवढे तसेच राहिले. यजमानांनी ते कार्ड तीनदा तपासलं. फोटो शाबूत होते.

पंधरवड्याने ताई छापलेला फोटो घेऊन मामांकडे गेल्या. चौकटीत बसवून नेला होता. मामांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. स्वतःकडे थोडा वेळ बघितलं, मग रांगांवरून बोट फिरवत कोण कोण आहे ते मोजल्यासारखं केलं.

"चांगला आलाय," ते म्हणाले.

"हो."

"तो आधीचा तुम्ही बघितला होतात ना? काढला तेव्हा, मशीनमध्ये?"

"बघितला होता."

"कसा आला होता?"

ताईंना तो क्षण स्पष्ट आठवत होता. हाताच्या तळव्याएवढा पडदा, त्यात कोटातले मामा, ओठ फाकलेले, डाव्या बाजूचा एक दात नसलेला. खोटं सांगावंसं वाटलं, सांगवेना.

"चांगला आला होता," त्या म्हणाल्या. "हसला होतात तुम्ही."

मामांनी मान हलवली आणि चौकट भिंतीला टेकवून ठेवली. मामी आतून चहा घेऊन आल्या, त्यांनी फोटो पाहिला आणि शर्टाला इस्त्री नीट बसली नाही म्हणाल्या. ताईंनी चहा घेतला. चहा गोड होता, त्यांना सोसायचा नाही इतका, पण त्यांनी तो संपवला आणि निघाल्या. स्टुडिओत शेवटच्या वर्गातली उरलेली मुलं अजून कापायची राहिली होती.